कार्बन आणि सिलिकॉन : धडा पुस्तकातून गेला, परीक्षेतून नाही

वडगावची शिकवणी | शनिवार, रात्री ९.५०

इथं बेळगावात घरी संध्याकाळी पीयू (अकरावी-बारावी) सायन्सच्या मुलांची शिकवणी घेते. बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. कन्नड बोलता येतं, इंग्रजी वाचता येतं, पण ‘कॅटेनेशन’ म्हटलं की चेहरा कोरा. ‘एकाच मूलद्रव्याच्या अणूंनी हातात हात धरून रांग लावायची’ म्हटलं की लगेच, ‘हां, ते होय!’

या आठवड्यात एकानं वही मिटली आणि म्हणाला, “मॅडम, पी-ब्लॉक पुस्तकातच नाही की. कशाला करायचं?”

बरोबर आहे त्याचं. एनसीईआरटीच्या २०२३-२४ च्या छपाईपासून अकरावीतला तो धडा काढला. पण नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमात गट १३ ते १८, म्हणजेच पी-ब्लॉक, अजून आहेत. त्यात लिहिलंय काय, तर गुणधर्मांचा सर्वसाधारण कल, आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या मूलद्रव्याचं वेगळेपण. आता गट १४ मध्ये पहिल्याचं वेगळेपण सांगायचं तर कार्बनला सिलिकॉनच्या शेजारी उभं करावंच लागतं. म्हणून हा धागा.

मी सुरुवात एकाच प्रश्नानं करते. कार्बन डायऑक्साइड आणि सिलिका, दोन्हींचं सूत्र एकाच साच्याचं : एक अणू हा, दोन ऑक्सिजन. मग एक सोड्याच्या बाटलीतून फुस्स करून निघून जातो आणि दुसरी मलप्रभेच्या पात्रात वाळू होऊन पडून राहते, ते का?

उत्तर अणूच्या आकारात आहे. कार्बनची सहसंयुज त्रिज्या ७७ पिकोमीटर, सिलिकॉनची ११८. पहिला सिग्मा बंध दोघांनाही जमतो, कारण तो समोरासमोर होतो. दुसरा, म्हणजे पाय बंध, दोन पी ऑर्बिटल बाजूनं एकमेकांना चिकटल्यावर होतो. कार्बन लहान, ऑक्सिजन लहान, जवळ बसतात, बाजू टेकते. सिलिकॉन मोठा, मधलं अंतर वाढतं, बाजू नीट टेकतच नाही.

नुसतं ऐकून घेऊ नका, हिशेब करा. आकडे सुमारे आहेत, सगळे किलोज्यूल प्रति मोल.

कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध ३५८, दुहेरी (कार्बन डायऑक्साइडमधला) ८०५. कार्बनला चार एकेरी बंध दिले तर १४३२ मिळतात, दोन दुहेरी दिले तर १६१०. दुहेरीत फायदा. दोन ऑक्सिजन घेऊन कार्बन सुटा रेणू होतो, वायू होऊन उडतो.

सिलिकॉन-ऑक्सिजन एकेरी ४५२, दुहेरी ६४० च्या आसपास. चार एकेरी म्हणजे १८०८, दोन दुहेरी म्हणजे १२८०. इथं एकेरीतच फायदा, आणि तोही पाचशेच्या वर. म्हणून प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजन धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन धरतो, आणि हे जाळं संपतच नाही. वाळूचा एक कण म्हणजे एकच अवाढव्य रेणू समजा.

हा हिशेब ज्याला आला त्याचा अर्धा गट १४ झाला, असं माझं मत. बाकीचं खाली विचारा.

पीयू सेकंड | शनिवार, रात्री १०.१२

मॅडम वही मिटणारा मीच 🙈

मग सिलिकॉनची साखळी कार्बनसारखी लांब का नाही होत? ऑर्गॅनिकमध्ये कार्बनच्या एवढ्या साखळ्या आहेत, सिलिकॉनचा वेगळा विषय का नाही?

वडगावची शिकवणी | शनिवार, रात्री १०.३०

तूच होय रे! बरं झालं आलास.

जुन्या एनसीईआरटीतले आकडे : कार्बन-कार्बन ३४८, सिलिकॉन-सिलिकॉन २९७, जर्मेनियम २६०, कथील २४०. उतरता क्रम. शिसं साखळी करतच नाही. दुसऱ्या पुस्तकांत सिलिकॉनचा आकडा २२६ सुद्धा सापडेल. घाबरू नकोस, तिथं खालच्यांचे आकडेही तसेच कमी असतात, क्रम बदलत नाही.

पण नुसत्या कमकुवतपणानं काम भागत नाही. सिलिकॉनच्या बंधाची खरी अडचण शेजारी आहे. ३४८ आणि ३५८, म्हणजे कार्बनला कार्बन आणि ऑक्सिजन जवळपास सारखेच प्रिय. सिलिकॉनचं बघ : आपल्या भावाशी २९७, ऑक्सिजनशी ४५२. ऑक्सिजन दिसला की हा भावाचा हात सोडतो. हायड्रोजनचा हातही असाच सोडतो. म्हणून मिथेन पेटवायला काडी लागते, आणि सिलेन, म्हणजे कार्बनच्या जागी सिलिकॉन असलेला मिथेन, हवेत आला की आपोआप पेटतो.

सांबरा रोड | शनिवार, रात्री १०.४१

ऑक्सिजन दिसला की भावाचा हात सोडतो... आमच्या घरच्या वाटणीसारखंच की हे 😂

निपाणीकर | शनिवार, रात्री ११.०५

चांगला धागा. एक छोटी पुरवणी. सिलेन पेटतो त्यामागं ध्रुवीयताही आहे. विद्युतऋणता कार्बन २.५, हायड्रोजन २.१, सिलिकॉन १.८. मिथेनमध्ये हायड्रोजनकडं किंचित धन बाजू, सिलेनमध्ये किंचित ऋण. बंधाचं तोंडच फिरलेलं. म्हणून किंचित अल्कली असलेल्या पाण्यात सिलेन फुटतो आणि हायड्रोजन सोडतो, मिथेनला त्याचं काही वाटत नाही.

चिकोडीचा बाप | रविवार, सकाळी ७.२०

माझी मुलगी यंदा केसीईटी (कर्नाटकची सीईटी) आणि नीट दोन्ही देणार. पालक म्हणून विचारतो, धडा पुस्तकात नसताना केसीईटीत हे येतं का? २०२४ ला अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले म्हणून मोठा गोंधळ झाला होता, शेवटी ५० प्रश्न मूल्यमापनातून वगळले. मुलांचा वेळ कुठं घालायचा हेच कळत नाही.

वडगावची शिकवणी | रविवार, सकाळी ८.०५

दादा, केसीईटीसाठी त्या वर्षीचा जाहीर अभ्यासक्रम समोर ठेवा आणि त्यात नसेल तर सोडा. तिथं रसायनशास्त्राचे ६० प्रश्न असतात, सगळे पुस्तकाच्या आसपास. पण नीट देणार असेल तर हे सोडू नका. दोन संध्याकाळचं काम आहे. जुनी एनसीईआरटी घरात कुणाच्या तरी मोठ्या भावंडाची असतेच. नसेल तर महाराष्ट्राच्या बालभारतीच्या अकरावी रसायनशास्त्रात गट १३, १४, १५ असं एक प्रकरण आहे, ते वाचायला सोपं आहे.

बसस्टँडवरचा | रविवार, सकाळी ८.३३

महाराष्ट्राचं पुस्तक म्हटलं की आमच्याकडं लगेच कुणाच्या तरी भुवया वर जातात. ८६५ गावं...

संपादक मंडळ | रविवार, सकाळी ९.००

सीमाप्रश्नाचे तीन धागे आधीच चालू आहेत. इथं फक्त रसायनशास्त्र. दोन प्रतिसाद हलवले आहेत.

पीयू सेकंड | रविवार, सकाळी ९.४५

सिलिकॉन टेट्राक्लोराइड पाण्यात लगेच फुटतं, कार्बन टेट्राक्लोराइड फुटत नाही. टेस्टला हाच प्रश्न आला होता. मी लिहिलं, ‘कार्बन-क्लोरीन बंध जास्त मजबूत म्हणून’. शून्य मार्क.

वडगावची शिकवणी | रविवार, सकाळी १०.१०

शून्य बरोबर आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. बंधाच्या ताकदीकडं बघायला गेलास तर सिलिकॉन-क्लोरीन बंध उलट जास्त मजबूत निघतो. मुद्दा वेगळा आहे. पाण्याचा रेणू आपली इलेक्ट्रॉन-जोडी घेऊन आला तर ती ठेवायला जागा कुठं? सिलिकॉनकडं रिकामी थ्री-डी ऑर्बिटल आहेत, तिथं पाणी येऊन बसतं, मग क्लोरीन निघतो. असं चार वेळा झालं की सिलिसिक आम्ल आणि चार हायड्रोजन क्लोराइड. कार्बनच्या दुसऱ्या कवचात डी नाहीच.

त्याच्याच मागचा प्रश्न : सिलिकॉनचा सहा फ्लोरिनवाला आयन आहे, सहा क्लोरीनवाला नाही. कारण क्लोरीन मोठा, सहा जण सिलिकॉनभोवती मावत नाहीत, आणि क्लोराइडची जोडी सिलिकॉन तेवढी घट्ट धरत नाही. कार्बनचा तर सहा फ्लोरिनवालाही नाही.

निपाणीकर | रविवार, सकाळी १०.५८

इथं मला थांबवावंसं वाटतं. रिकाम्या डी ऑर्बिटलची कथा आम्हीही वर्षानुवर्षं शिकवली. पण गणनेतून दिसतं ते असं, की अशा रेणूंत डी ऑर्बिटलचा बंधातला वाटा फार थोडा असतो. जास्त पटणारं कारण दोन पदरी आहे : सिलिकॉन मोठा असल्यानं चार क्लोरीन असूनही पाण्याला आत शिरायला वाट मिळते, आणि सिलिकॉन-क्लोरीन बंधाचं रिकामं प्रतिबंधी (अँटीबाँडिंग) ऑर्बिटल खालच्या ऊर्जेला असल्यानं ती जोडी तिथं जाते. कार्बनभोवती चार क्लोरीननी इतकी गर्दी केलेली असते की वाटच नाही.

आणखी एक. कार्बन टेट्राक्लोराइडचं पाण्याशी विघटन ऊर्जेच्या दृष्टीनं चांगलंच अनुकूल आहे. होत नाही ते वेगामुळं. पूर्वी आग विझवायच्या छोट्या नळकांड्यांत हे द्रव भरत. तापलेल्या धातूवर पडलं की विषारी फॉस्जीन तयार व्हायचा, म्हणून बंद झालं. म्हणजे ‘फुटत नाही’ हे वाक्य अर्धवट आहे.

वडगावची शिकवणी | रविवार, सकाळी ११.२०

सर, तुमचं खरं आहे, आणि मलाही ते माहीत आहे. पण परीक्षेत चार पर्याय असतात. त्यात ‘रिकामी डी ऑर्बिटल’ असा एक पर्याय असतो आणि तुमचं प्रतिबंधी ऑर्बिटल बहुतेक वेळा नसतं. पोरानं कुठं गोल काळा करायचा?

निपाणीकर | रविवार, सकाळी ११.३१

डी ऑर्बिटललाच. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त मनात ठेवावं की हे उत्तर आहे, कारण नव्हे.

ट्रायसिलिलअमाइनचंही तसंच. ट्रायमिथिलअमाइन पिरॅमिडसारखं, ट्रायसिलिलअमाइन सपाट, आणि म्हणून कमी आम्लारिधर्मी. जेईईवाल्यांनी एवढं पाठ करा; त्यामागचं कारण पुढं बीएस्सीला बदलेल.

सांबरा रोड | रविवार, सकाळी ११.४०

दोघं सर-मॅडम भांडताहेत, पोरांनो नोट्स काढा.

फौंड्रीतला तात्या | रविवार, दुपारी २.१५

जेवून उठलो आणि सगळा धागा वाचला. मी काही शिकलेला नव्हे बाई, डिप्लोमा अर्धा सोडला. पण उद्यमबागेच्या कारखान्यांत पस्तीस वर्षं कार्बन आणि सिलिकॉन यांच्यातच गेली. तुमच्या पोरांना माहीत आहे का, आपल्या गावाचं पोट ह्या दोन मूलद्रव्यांवर किती चालतं?

बीड म्हणजे कास्ट आयर्न. त्यात लोखंड सोडलं तर मुख्य दोनच : कार्बन साधारण अडीच ते चार टक्के, सिलिकॉन एक ते तीन. सकाळी हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची एक खेप, काढायच्या आधी लॅबवाला चिठ्ठी पाठवतो. त्यावर आम्ही एक आकडा बघायचो, त्याला सीई म्हणतात, कार्बन इक्विव्हॅलंट. कार्बनमध्ये सिलिकॉनचा आणि फॉस्फरसचा तिसरा हिस्सा मिळवायचा. समजा कार्बन ३.३, सिलिकॉन २.१, फॉस्फरस नगण्य. २.१ चे तीन भाग, एक भाग ०.७. झाले ४.०. हा आकडा ४.३ च्या जितका जवळ तितकं लोखंड पातळ वाहतं, बारीक कोपऱ्यात जातं.

आता गंमत बघा. सिलिकॉन कमी पडला, किंवा कास्टिंगचा पातळ कोपरा झटकन थंड झाला, की कार्बन लोखंडाशी लग्न करतो, सिमेंटाइट होतं. तोडून बघितलं तर आत पांढरं चमकतं. आम्ही म्हणायचो ‘चिल आलं’. असला माल लेथवर गेला की टूल मोडलाच. एकदा एका कारखान्यात अख्खी हीट अशी गेली. मालक काही बोलला नाही, नुसता ढिगाकडं बघत उभा राहिला. ते बोलण्यापेक्षा वाईट.

सिलिकॉन पुरेसा असला की तो लोखंडात विरघळून बसतो आणि कार्बनला सिमेंटाइटमध्ये टिकू देत नाही. मग कार्बन सुटा होऊन ग्रॅफाइटच्या पापुद्र्या बनतो. तोडलं की करडं दिसतं. ते मऊ कापतं, कंप पितं, म्हणून लेथचा बेड त्याचा करतात. आम्ही शेवटच्या क्षणी लेडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) फेरोसिलिकॉनचे खडे टाकायचो ते ह्यासाठीच.

पीयू सेकंड | रविवार, दुपारी २.४०

तात्या, भारी!! माझे बाबा मच्छेला सीएनसीवर आहेत. ते ‘आज माल कडक आला’ म्हणून वैतागतात ते हेच काय?

फौंड्रीतला तात्या | रविवार, दुपारी २.४८

तेच गा. त्यांना सांग, चिप काळसर भुगा होऊन पडत असेल तर ग्रॅफाइट आहे. हाताला काळं लागतं बघ.

वडगावची शिकवणी | रविवार, दुपारी ३.३०

तात्या, नमस्कार करते तुम्हाला. ग्रॅफाइट मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि दरवर्षी पेन्सिलीचंच उदाहरण देते.

मुलांनो, जोडून घ्या : ग्रॅफाइटच्या थरात कार्बन-कार्बन अंतर १४१.५ पिकोमीटर, पण दोन थरांमध्ये ३४०. थर आतून घट्ट, एकमेकांवर सैल. म्हणून घसरतात, म्हणून वंगण. प्रत्येक कार्बनचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरतो, म्हणून वीज जाते. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधात अडकलेले, अंतर १५४, वीज नाही.

आणि पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. चिकणमाती म्हणजे सिलिकेट. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतही दोघं एकत्रच.

पीयू सेकंड | रविवार, दुपारी ३.४४

हिरा सगळ्यात स्थिर ना?

वडगावची शिकवणी | रविवार, दुपारी ३.४९

नाही! हा सापळा दरवर्षी कुणीतरी अडकतंच. सगळ्यात स्थिर ग्रॅफाइट, त्याची निर्मिती-एन्थाल्पी शून्य धरतात. हिरा १.९०, फुलरीन ३८.१ किलोज्यूल प्रति मोल. हिरा कठीण आहे, स्थिर नव्हे. सी-साठचं, म्हणजे फुलरीनचं, २० षटकोन आणि १२ पंचकोन एवढं लक्षात ठेव, बाकी सोड.

खानापूरची मी | रविवार, संध्याकाळी ६.१०

मी नीट रिपीट करतेय. शेत आमचं भाताचं. लहानपणी लावणी-भांगलणीला गेलं की भाताच्या पातीनं हातावर बारीक चिरा पडायच्या. आजी म्हणायची, “भाताला दात असतात.” परवा वाचलं की भाताचं रोप जमिनीतनं विरघळलेलं सिलिसिक आम्ल ओढून घेतं आणि पानात सिलिका साठवतं. म्हणजे आजीचे दात हे सिलिकाचे!

तूस जाळल्यावर उरते त्या राखेत मुख्य सिलिकाच. आम्ही त्या राखेनं भांडी घासायचो.

सिलिकेटचे प्रकार मात्र माझ्या डोक्यात राहत नाहीत. कुणी युक्ती सांगेल काय?

वडगावची शिकवणी | रविवार, रात्री ८.२०

अगं खानापूर म्हणतेस आणि युक्ती विचारतेस! तुमच्या गावच्या कौलांच्या आणि मडक्यांच्या मातीतच आहे ती.

एक चौफलक घे, मध्ये सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन. आता फक्त एवढंच मोज की शेजाऱ्याशी किती कोपरे वाटून घेतले. एकही नाही : ऑर्थोसिलिकेट, सुटा, ऋणभार चार. एक : दोघांची जोडी, पायरोसिलिकेट, दोन सिलिकॉन, सात ऑक्सिजन, भार सहा. दोन : साखळी किंवा कडं. कड्याचं नेहमीचं उदाहरण बेरिल, सहा सिलिकॉन, अठरा ऑक्सिजन, भार बारा. तीन : थर. चारही : पूर्ण जाळं, क्वार्ट्झ, फेल्डस्पार, झिओलाइट.

थरासाठी वेगळं पाठ नको. कॅरम बोर्डावर टाकतो ते संगजिरं, अभ्रक आणि तुमची चिकणमाती, तिन्ही थरवाले. संगजिरं बोटात गुळगुळीत लागतं, अभ्रकाचे पापुद्रे निघतात, ओली माती चाकावर घसरते. सगळं थर घसरल्यामुळं. आणि जाळं बघायचं तर गोकाकला जा. तिथं घटप्रभा सुमारे ५२ मीटर उडी मारते तो कडा वालुकाश्माचा.

भार काढायची पद्धत : वाटलेला ऑक्सिजन अर्धा धरायचा. थरात तीन अर्धे आणि एक पूर्ण, म्हणजे अडीच ऑक्सिजन. सिलिकॉनचे अधिक चार, ऑक्सिजनचे उणे पाच, उरला उणे एक. दोननं गुणलं की दोन सिलिकॉन, पाच ऑक्सिजन, भार दोन. झालं. पाठांतर शून्य.

खानापूरची मी | रविवार, रात्री ८.३५

अडीच ऑक्सिजन!! हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही ताई.

निपाणीकर | रविवार, रात्री ९.१०

सिलिकॉन आणि सिलिकोन यांत मुलं गोंधळतात, तेवढं लिहून ठेवतो. सिलिकोन हे बहुवारिक. सिलिकॉन आणि मिथिल क्लोराइड, तांब्याचं उत्प्रेरक, सुमारे ५७० केल्विन. दोन मिथिलवाला डायक्लोराइड पाण्यानं सरळ साखळी देतो, तीन मिथिलवाला साखळीचं टोक बंद करतो, एक मिथिलवाला आडवे दुवे जोडतो. प्रश्न नेहमी ‘टोक कोण बंद करतो’ हाच. बाथरूमच्या फटीत भरतात त्या सीलंटला व्हिनेगरचा वास येतो, तो पक्का होताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडतं म्हणून.

फौंड्रीतला तात्या | सोमवार, सकाळी ६.३०

बाई, एक शंका माझी. पस्तीस वर्षं पोटात आहे.

कोअर, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, करताना आम्ही वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचो, शंभराला तीन-चार. डब्यात ठोकून भरायचं आणि वरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. काही सेकंदांत दगड. जास्त वेळ गॅस सोडला तर मात्र नंतर कोअर भुसभुशीत होतो, नवीन पोरांची ती चूक ठरलेली. आता ह्यात वाळू सिलिकाच, चिकटवणारा सिलिकेटच, मग कार्बनच्या गॅसनं नेमकं काय होतं? सिलेंडरवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘सुकतंय’. सुकतं म्हणावं तर साध्या हवेनं एवढ्या लवकर का नाही सुकत?

वडगावची शिकवणी | सोमवार, रात्री ९.३०

तात्या, दिवसभर हाच प्रश्न डोक्यात होता, भाजी जळाली.

सुकत नाही. ती आम्लाची मारामारी आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल देतो. ते दुबळं, पण सिलिसिक आम्ल त्याहून दुबळं. जोरकस आम्ल दुबळ्याला त्याच्या क्षारातून हाकलतं. सोडियम कार्बनकडं जातो, सोडियम कार्बोनेट होतं. हाकललेलं सिलिसिक आम्ल एकमेकांना धरत जाळं करतं, सिलिकाचं जेल होतं. ते जेल वाळूचे कण धरून ठेवतं. गॅस जास्त झाला की कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि जोड ठिसूळ पडतो, तुम्ही म्हणता तो भुसभुशीतपणा हाच.

आता मुलांसाठी खरा मसाला. काचेच्या भट्टीत नेमकं उलटं होतं. तिथं सोडियम कार्बोनेट आणि वाळू घालतात, तापवतात, आणि निघतं काय? सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइड. तीच चार नावं, बाण उलटा! थंडीत कार्बन सिलिकॉनला हाकलतो, भट्टीत सिलिकॉन कार्बनला.

का ते तुम्ही सांगा. गिब्जचं सूत्र आठवा.

पीयू सेकंड | सोमवार, रात्री १०.०५

डेल्टा जी म्हणजे डेल्टा एच वजा टी डेल्टा एस. भट्टीत टी मोठा. कार्बन डायऑक्साइड वायू होऊन सुटतो, डेल्टा एस (एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था) वाढतो. म्हणून तापमान जास्त असलं की वायू सोडणारी दिशा जिंकते?

वडगावची शिकवणी | सोमवार, रात्री १०.११

शंभरपैकी शंभर. आणि सुटलेला वायू भट्टीतून निघून जातो, परत यायला उरतच नाही, हेही लिही.

निपाणीकर | सोमवार, रात्री १०.२६

सुंदर. हाच नियम पुढं ओढा. क्वार्ट्झ आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन काढतात. वर आपण बघितलं की सिलिकॉन-ऑक्सिजन बंध किती घट्ट, तरी कार्बन त्याचा ऑक्सिजन काढून नेतो, कारण कार्बन मोनॉक्साइड वायू होऊन पळतो. एलिंगहॅमच्या आलेखात (तापमानानुसार ऑक्साइड किती सहज होतो ते दाखवणाऱ्या) कार्बन मोनॉक्साइडची एकटीच रेघ खाली उतरत जाते ती याचमुळं.

कोक जरा जास्त घातला तर सिलिकॉन हाती लागत नाही, सिलिकॉन कार्बाइड होतं.

फौंड्रीतला तात्या | मंगळवार, सकाळी ६.१५

कार्बोरंडम! फेटलिंगला (ओतीव माल साफ करताना) बीड घासायचा काळा-हिरवट चाक तोच की.

बाई, उत्तर पटलं. सिलेंडरवाल्यालाही सांगतो, अजून भेटतो तो.

त्या मोनॉक्साइडचं एक राहिलं. कपोला भट्टीवर चार्जिंगला, म्हणजे माल टाकायला, उभा राहणारा माणूस वास नाही, रंग नाही अशा गॅसात उभा असतो. आमच्यातला एक जण असाच चक्कर येऊन बसला होता, उघड्यावर आणला म्हणून वाचला. आणि वाळूची धूळ. खोकला, दम, मग एक्स-रे. घरी सगळे ‘विडीमुळं’ म्हणत राहतात.

खानापूरची मी | मंगळवार, सकाळी ७.०२

मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे ३०० पट घट्ट बसतो, हे बायोलॉजीतही आहे. आणि धुळीच्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात तात्या, कायद्यानं कळवायच्या आजारांच्या यादीत आहे तो, डॉक्टरांनी कळवावा लागतो. तुमचा एक्स-रे केव्हा झाला?

फौंड्रीतला तात्या | मंगळवार, सकाळी ७.१०

झालाय ग पोरी. थोडं आहे म्हणाले.

वडगावची शिकवणी | मंगळवार, रात्री ९.००

तात्या, काळजी घ्या.

मुलांनो, ऑक्साइडचा कल घाईत : कार्बन मोनॉक्साइड उदासीन, कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी, सिलिका आम्लधर्मी, खाली कथील आणि शिशाचे उभयधर्मी. सिलिका पाण्याला दाद देत नाही, पण हायड्रोफ्लोरिक आम्लात आणि तापल्या कॉस्टिक सोड्यात विरघळते. खाली जाताना अधिक दोन ही ऑक्सिडेशन स्थिती पक्की होत जाते, म्हणून शिशाचं टेट्राआयोडाइड नाही. हे एवढं एका पानावर लिहून भिंतीला चिकटवा.

पीयू सेकंड | मंगळवार, रात्री ९.२०

तात्या, आम्ही चौघं जण आहोत. सिलिकेटचा कोअर गॅसनं घट्ट होताना प्रत्यक्ष बघायला मिळेल काय? आणि कार्बोरंडमचा चाक? त्यात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार कार्बन आणि प्रत्येक कार्बनभोवती चार सिलिकॉन, हिऱ्यासारखंच, एवढं मी बघून ठेवलंय.

फौंड्रीतला तात्या | बुधवार, सकाळी ६.२०

माझ्या पुतण्याच्या शेडला या रविवारी, दहाला. ओतकाम नसतं त्या दिवशी, पण कोअर करून दाखवतो. बाई, तुम्हीही या. चप्पल घालून कुणी आलं तर दारातनं परत पाठवीन. बूट. आणि तोंडाला फडकं नको, मास्क आणा, फडक्यातनं ती धूळ आत जाते.